मे महिन्यातल्या दुपारसाठी ट्यून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस, सत्तावन्न हजार किलोमीटर झालेले, रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एखादी महाबळेश्वर नाहीतर कोल्हापूरची फेरी. २३० पीएसवर (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) मन भरत नाही, ३२० हवेत. त्यासाठी स्टेज २ चा मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकड्यांचे तक्ते) आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) एकदमच करून टाकावं का?

माझं उत्तर आधी देतो, कारणं मग. ३२० चा आकडा ही गाडी दाखवेल. जानेवारीत, सकाळी सात वाजता, टाकीत चांगलं पेट्रोल असताना दाखवेल. पण तुम्ही गाडी चालवणार आहात ती मे महिन्यात, दुपारी तीनला, विद्यापीठ चौकातल्या गर्दीतून बाहेर पडून. मॅप त्या दुपारसाठी लिहून घ्या. तो २८० ते २९० पीएसचा होईल आणि वर्षाचे बाराही महिने तेवढाच राहील. स्टेज १, स्टेज २ ही विकणाऱ्यांनी पाडलेली नावं आहेत. इंजिनाला स्टेज कळत नाही, त्याला फक्त दाब, तापमान आणि ठिणगीची वेळ कळते.

आता पुण्याच्या हवेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. मुंबईत हवेचा दाब १०१३ मिलिबारच्या आसपास, आपल्याकडे ९५० च्या घरात. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीला उंचीचा त्रास होत नाही असं सगळे म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) एकूण दाब मोजतो आणि तोच गाठायला बघतो. समजा मॅपमध्ये अडीच बार (२५०० मिलिबार) एकूण दाब मागितला आहे. मुंबईत टर्बोला हवा २.४७ पट दाबावी लागते, पुण्यात २.६३ पट. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथला दाब ८७० च्या आसपास, म्हणजे २.८७ पट. पसरणीचा घाट चढताना तुमच्या पायाला फरक जाणवत नाही, कारण टर्बो जास्त वेगाने फिरून तो भरून काढतो. भरून काढतो म्हणजे फुकट नाही.

हवा दाबली की तापते. मुंबईत २५ अंशांची हवा २.४७ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती दीडशे अंशांच्या आसपास असते. पुण्यात ४० अंशांची हवा २.६३ पट दाबली तर १८० च्या वर. हा तीस अंशांचा फरक इंटरकूलरने (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरने) गिळायचा असतो, आणि त्याच्यावरून जाणारी हवासुद्धा ४० अंशांचीच असते. त्यात तुमच्या गाडीचा टर्बो लहान आहे. लहान असल्यामुळेच तो दोन हजार आरपीएमच्या आतच जागा होतो आणि गाडी गावात इतकी गोड चालते. पण सहा हजारांच्या वर त्याची दमछाक होते. तिथे दाब टिकवायला वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) पूर्ण मिटतो, एक्झॉस्टच्या बाजूला दाब साचतो, जळलेला गरम वायू सिलिंडरमधून नीट बाहेर पडत नाही. तो उरलेला वायू पुढच्या फेरीच्या हवा-पेट्रोलला तापवतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकणं, सुरू होतं. म्हणून मी या टर्बोला वरच्या आरपीएमला कधीच ताणत नाही. पाच हजारांनंतर बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) हळूहळू उतरू देतो. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर रेषा शेवटी खाली वाकते, ग्राहकाला ते आवडत नाही. तरीही.

पेट्रोलचं तसंच. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं (ऑक्टेन जितका जास्त तितकं नॉकिंग कमी) एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, त्यामुळे आपल्याला भारी पेट्रोलची सवय लवकर लागली. पण सातारा मागे टाकल्यावर रात्री अकरा वाजता काटा लालमध्ये असताना जो पंप उघडा दिसेल तिथेच तुम्ही वळणार. तिथे मिळेल ते पेट्रोल टाकीत जाणार. मॅप १०० ऑक्टेन गृहीत धरून लिहिला असेल तर त्या रात्री इंजिनाचा एकमेव आधार नॉक सेन्सर. सेन्सर हे मोटारीचे एअरबॅग समजा. ते आहेत म्हणून कोणी भिंतीवर गाडी घालत नाही.

इथेनॉलबद्दल बरीच भीती आहे म्हणून सांगतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नॉकिंगच्या बाजूने पाहिलं तर वाईट नाही, उलट चांगलं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आणि त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीच पटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. तुमचं इंजिन थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतं, त्यामुळे हा गारवा बरोबर हवा तिथे मिळतो. अडचण दुसरीकडे आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. २३० पीएसला हाय-प्रेशर पंपाकडे ती ऐपत आहे. ३२० ला तो काठावर येतो, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला लोंबकळल्यासारखा. पूर्ण ॲक्सिलरेटरवर रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) मागितलेल्या आकड्यापेक्षा खाली पडताना दिसलं, की तो मॅप माझ्या दृष्टीने तिथेच संपला. शिवाय तुमच्या वर्षाच्या गाडीचे रबरी होस आणि सील एवढ्या इथेनॉलसाठी आहेत का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. तो प्रश्न ट्यूनिंगने सुटत नाही.

हे सगळं मी इतकं ठासून का सांगतो, तर एकदा मी स्वतः चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या टर्बो हॅचबॅकचा मॅप मी जानेवारीच्या थंडीत लिहिला. हवा बारा-तेरा अंश, टाकीत ९७ ऑक्टेन. गाडी सुरेख झाली होती. लॉग (धावताना ईसीयूतून घेतलेली आकड्यांची नोंद) स्वच्छ, एका सिलिंडरलासुद्धा दोन अंशांपेक्षा जास्त रिटार्ड (नॉकिंग टाळायला ठिणगीची वेळ मागे घेणं) नाही. मी खूश, मालक खूश. मालक तरुण मुलगा, पहिल्या पगारापासून साठवलेल्या पैशांची गाडी. एप्रिलच्या शेवटी तो गोव्याहून परत येताना कोल्हापूरच्या पुढे गाडी मिस मारायला लागली. निळा धूर. टो करून आणली, कॉम्प्रेशन घेतलं: बाकीचे तीन सिलिंडर ठीक, तिसऱ्या नंबरच्यात जवळपास काहीच नाही. हेड काढलं, पिस्टन बाहेर घेतला, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड, जिला आम्ही रिंग लँड म्हणतो, ती बोटभर तुटून गेलेली. वितळलेली नव्हती, तुटलेली होती. नॉकिंगने असंच होतं, छिन्नीचे घाव बसावेत तसं. इंजिन मी माझ्या खर्चाने बांधून दिलं. त्याने एका शब्दानेही बोल लावला नाही आणि तेच मला जास्त लागलं. मॅपमध्ये चूक कुठलीच नव्हती, फक्त तो जानेवारीचा होता. त्यानंतर मी कुठलाही मॅप थंडीत लिहिला तरी त्यातले तापमानाचे तक्ते आत येणाऱ्या ६० अंशांच्या हवेसाठी आधी भरतो, आणि ग्राहकाला मे महिन्यात पुन्हा लॉग घेऊन येण्याचं कबूल करवून घेतो.

लॉग कसा वाचायचा ते शिकून घ्या, ट्यूनर कितीही चांगला असला तरी. पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन अडीच हजारांपासून साडेसहा हजार आरपीएमपर्यंतची एक धाव, तिला पुल म्हणतात. ती डायनोवर घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये तेवढ्या आरपीएमला वेग शंभरच्या बराच पुढे जातो, तो रस्त्यावर काढायचा नाही. लॉगमध्ये चार सिलिंडरांचे रिटार्डचे चार रकाने असतात. एखाद्या सिलिंडरला क्षणभर दोन-तीन अंश मागे घेतले तर काळजी नको, ईसीयू आपली हद्द चाचपत असतो. चारही सिलिंडर एकदम चार-पाच अंश मागे गेले आणि तिथेच रेंगाळले, तर पेट्रोल किंवा हवेचं तापमान मॅपला झेपत नाहीये. आणि एकच सिलिंडर दरवेळी मागे जात असेल, तर मॅपला दोष देण्याआधी त्या सिलिंडरचा प्लग आणि कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करून पुन्हा बघा. अर्ध्या वेळा दोष प्लगबरोबर सरकतो.

एक पुल पाहून भुलू नका. लागोपाठ तीन घ्या, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडून. पहिल्यात आत येणारी हवा ४५ अंश, तिसऱ्यात ७० झाली आणि त्याबरोबर ठिणगीचं टायमिंग सहा अंश मागे गेलं, तर विकत घेतलेली ताकद फक्त पहिल्या पुलपुरती होती. खंबाटकीच्या चढावर तुमचं इंजिन पहिल्या पुलमध्ये नसतं.

दुसरा एक धोका लॉगमध्ये येण्याआधीच नुकसान करून जातो. सहाव्या गिअरमध्ये, पंधराशे आरपीएमला पाय तळाला टेकवणं. लहान, थेट फवारणीच्या टर्बो इंजिनांत अशा वेळी तेलाचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. तिथे टायमिंग मागे घेऊन उपयोग नाही, कारण आग ठिणगीने लागलेलीच नसते. डीएसजी (तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मॅन्युअल मोडमध्ये टाकून उंच गिअरवर गाडी रेटायची सवय असेल तर आजपासून सोडा. आधी खाली गिअर, मग ॲक्सिलरेटर. मॅप लिहितानाही मी दोन हजारांखालचा टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) मुद्दाम कमी ठेवतो.

आता पैसे कुठे घालायचे. मॅपच्या आधी गाडीची तब्येत. सत्तावन्न हजारांवर हे इंजिन उघडून पाहिलं तर इनटेक व्हॉल्व्हवर काळा, चिकट कार्बन मिळणारच. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ते अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने फवारून साफ करतात. दिवसभराचं काम आहे, पण काही गाड्यांत त्यानेच हरवलेली ताकद परत येते आणि मालकाला वाटतं ट्यून झाली. नवे प्लग टाका, त्यांची गॅप ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करा, नाहीतर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते. इनटेकच्या सगळ्या पाइपांची धूर सोडून गळती तपासा. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाऊसिंग या इंजिनांत पाझरतं, हे यावर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. कूलंटचा गुलाबी डाग दिसला तर मॅपचं नावही काढू नका. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर साठ हजारांवर बदलायचंच आहे, ते आत्ताच उरका.

मग इंटरकूलर. डाउनपाइपच्या आधी, आणि तुमच्या बाबतीत डाउनपाइपऐवजी. मोठा इंटरकूलर कागदावर फार तर पाच-सात पीएस दाखवतो, म्हणून कोणी घेत नाही. पण तिसऱ्या पुलमध्ये हवा ७० ऐवजी ५५ अंशांवर ठेवली तर मॅपला टायमिंग मागे घ्यायची वेळच येत नाही. थंड देशात ही चैन असेल, आपल्याकडे हा पाया आहे. फक्त तो खऱ्या बार-अँड-प्लेट बनावटीचा आहे आणि त्याच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर कोंबून बसवलेला नाही, एवढं स्वतः वाकून बघा.

डाउनपाइप म्हणजे व्यवहारात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं, आणि ते मी करत नाही. पहिलं कारण मला स्वतःला महत्त्वाचं वाटतं: सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबा आणि श्वास घ्या, मग ठरवा. दुसरं कारण पीयूसी. बीएस ४ गाडीची चाचणी नीट घेतली तर कॅट नसलेली गाडी कार्बन मोनॉक्साइडवर अडकते. आणि एवढं करून लहान टर्बोवर मिळणारे पीएस फारच थोडे, कारण अडथळा पाइपात कमी आणि टर्बोच्या टर्बाइनमध्ये जास्त आहे.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. तुमचा सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी साधारण ३५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, आणि कंपनीने इंजिनाला तेवढाच टॉर्क दिला आहे. त्याच्या स्वतःच्या कंट्रोलरचा मॅप करून क्लचचा दाब वाढवला तर ४०० पर्यंत तो वर्षानुवर्षं धावतो. त्यापुढे तेल तापतं. पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्क कमीच ठेवायचा, पुढची चाकं नाहीतरी डांबरावर घसरत नुसती फिरतात. चाकांचं आणि ब्रेकचं वेगळं सांगत नाही. चांगले टायर आणि ब्रेक फ्लुइड आधी, ताकद नंतर.

डायनोवर गेलात तर एक प्रश्न नक्की विचारा: करेक्शन (हवामानाचा फरक धरून आकड्यात केलेली दुरुस्ती) कुठलं लावलंय? पुण्यात ३८ अंशांच्या खोलीत एसएईचं (अमेरिकन मोटार अभियंत्यांच्या संस्थेचं) करेक्शन लावलं तर मोजलेल्या आकड्यात सुमारे दहा टक्के आपोआप मिळवले जातात. २६० मोजले तर कागदावर २८६ छापून येतात. हे गणित बिनटर्बोच्या इंजिनासाठी बनलं आहे, जे पातळ हवेत खरोखरच ताकद गमावतं. तुमचा टर्बो ती भर आधीच घालून बसलेला असतो, मग त्यावर पुन्हा दहा टक्के. मुद्दाम फसवणूक असते असं नाही, बऱ्याच ठिकाणी ती सेटिंग पहिल्या दिवसापासून तशीच चालू असते. आकडा करेक्शनशिवाय मागा, तुमची गाडी मॅपच्या आधी आणि नंतर त्याच डायनोवर, त्याच तापमानाला, समोर मोठा पंखा लावून मोजा. फरक तेवढा खरा.

आणि कायदा. तुम्ही विचारलं नाहीत, पण हे न सांगता मी कोणाच्याही गाडीला लॅपटॉप लावत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. अपघात झाला आणि मॅप उघड झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. समोरच्या माणसाला लागलं असेल तर ते ओझं तुमच्या घरावर येतं. घरी आई-बाबा त्याच गाडीने जात असतील तर त्यांना हे माहीत असलं पाहिजे. ट्रॅकवर किंवा बंद धावपट्टीवरच्या स्पर्धेत गाडी पळवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आयोजकांच्या तांत्रिक तपासणीतून जा आणि मन भरून पळवा. एक्स्प्रेस-वेवर वेगमर्यादा शंभर आहे, घाटात साठ, आणि कॅमेरे आहेत. तिथे २९० आणि ३२० मधला फरक कोणालाच कळणार नाही.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा धरतो. या महिन्यात कार्बन साफ, प्लग, गळती तपासणी, गिअरबॉक्सचं तेल, आणि काहीही न बदलता तीन पुलचा लॉग. तो लॉग स्वच्छ नसेल तर गाडी ट्यूनिंगला तयार नाही, मॅपचे पैसे जपून ठेवा. स्वच्छ असेल तर इंटरकूलर बसवा आणि पुन्हा तीन पुल घ्या, तेच पेट्रोल भरून. मॅपचा निर्णय कायद्याचं वरचं सगळं घरी बोलून झाल्यावर. मॅप घेतलात तर ९५ ऑक्टेनचा घ्या आणि ट्यूनरला सांगा, टॉर्क ४०० वर थांबव, पाच हजारांनंतर बूस्ट उतरू दे. तो हसला तर दुसरा ट्यूनर शोधा. पहिल्या उन्हाळ्यात, पारा चाळिसावर गेला की दुपारी लॉग घ्या आणि मला पाठवा. त्यात आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, रेल प्रेशर, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि चारही सिलिंडरांचा रिटार्ड एवढे रकाने असू द्या. मी बघून सांगतो.